नगरसेवकांचं पत्र आलंय; त्यातलं घराबद्दलचं किती धरून चालायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे महापालिका हद्दीतल्या एका जुन्या वस्तीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी विचारलंय. इमारत 1984 ची, तळमजला अधिक चार मजले, सदनिका वीस, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होणं, झालेलं नाही. प्रभागातल्या नगरसेवकांनी सगळ्या सोसायट्यांना चार पानी कार्यवृत्तांत पाठवलाय. त्यात 'आपल्या परिसराचा क्लस्टरमध्ये समावेश, लवकरच हक्काचं मोठं घर', 'धोकादायक इमारतींच्या नोटिसांना स्थगिती', 'मानीव अभिहस्तांतरणासाठी भव्य शिबिर', 'नवीन जलवाहिनी मंजूर' आणि 'म्हाडाच्या सोडतीसाठी मोफत मार्गदर्शन' अशा बातम्या आहेत. पत्र वाचल्यापासून अर्धे सभासद म्हणतायत की क्लस्टर, म्हणजे अख्ख्या भागाचा एकत्र पुनर्विकास, येतंच आहे, तर कन्व्हेयन्स आणि स्ट्रक्चरल ऑडिटवर (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीवर) पैसे कशाला घालायचे? पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. सभेत काय सांगू?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. कन्व्हेयन्सचा अर्ज थांबवू नका आणि ऑडिटही थांबवू नका. पत्रातलं अक्षर न् अक्षर उद्या खरं झालं तरी हे दोन कागद तुमच्याकडे मागितले जाणारच आहेत. आणि पत्रातलं काहीच झालं नाही, तर तुमच्या हातात तेवढेच दोन कागद असतील.

मी बरीच वर्षं ठाण्यात नगरसेवकांची जनसंपर्क कार्यालयं सांभाळली, एकाच पक्षाची नाहीत. असले कार्यवृत्तांत मी स्वतः लिहिलेत, त्यांची प्रुफं तपासलीत, फोटो कुठला मोठा छापायचा यावरून छापखान्यात वादही घातलेत. आता सोसायट्यांच्या कागदपत्रांचं काम करतो. त्यामुळे नगरसेवक थापा मारतात असं मी म्हणणार नाही. साफ खोटं अशा पत्रात क्वचित असतं, कारण प्रभागात विरोधक बसलेलेच असतात आणि ते दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र फाडून काढतात. पण दोन गोष्टी हमखास गाळलेल्या असतात. काम आज कुठल्या टेबलावर आहे, आणि त्यावर सही करण्याचा अधिकार कोणाचा आहे. या दोन गोष्टी विचारल्या की पत्र नीट वाचता येतं.

सोपं म्हणून पाण्यापासून सुरुवात करू. 'जलवाहिनी मंजूर' हे कुठून येतं ते सांगतो. नगरसेवक आपल्या लेटरहेडवर मागणीपत्र देतात, 'प्रभागातील अमुक गल्लीत जलवाहिनी टाकणेबाबत'. कार्यालयातला मुलगा दोन प्रती घेऊन पालिकेत जातो. एक प्रत आवकला राहते, दुसरीवर शिक्का पडतो, त्यात निळ्या पेनाने आवक क्रमांक आणि तारीख. त्या शिक्क्याचा फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर. इथून पुढे खरं काम सुरू होतं. कनिष्ठ अभियंता जागा बघतो, अंदाजपत्रक तयार होतं, त्याला तांत्रिक मंजुरी लागते, कुठल्या लेखाशीर्षाखाली पैसे आहेत ते बघावं लागतं, मग प्रशासकीय मंजुरी, निविदा, निविदेला स्थायी समितीची मान्यता आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. या साखळीत 'मंजूर' तीनदा तरी होतं. तांत्रिक मंजुरी मिळाली आणि लेखाशीर्षात दमडी नाही, अशा फायली मी कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या पाहिल्यात. म्हणून विचारायचं ते एकच, वर्क ऑर्डर निघाली का आणि कधीची? वर्क ऑर्डरमध्ये ठेकेदाराचं नाव असतं, रक्कम असते, मुदत असते. ती नसेल तर काम अजून कागदावर आहे असं धरा.

आणि वाहिनी नवी झाली म्हणून पाणी वाढतंच असंही नाही. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून मिळतं: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. गळकी वाहिनी बदलली की दाब सुधारतो, गढूळ पाणी थांबतं, हे खरं. पण तुमच्या भागाच्या वाट्याला येणारा कोटा तेवढाच राहिला, तर शटडाउनच्या दुसऱ्या दिवशी टँकर बोलवावा लागतो तो लागतोच. नगरसेवकांना भेटाल तेव्हा वाहिनीबरोबर हेही विचारा.

आता प्रभाग चार सदस्यांचा असतो. ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासक होता, जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली आणि 33 प्रभागांतून 131 नगरसेवक आले. एक प्रभाग तिघांचा, बाकी सगळे चौघांचे. त्यामुळे एकाच गटाराचं काम चार पत्रांत चौघांच्या नावावर दिसेल. श्रेय कोणाचं यात पडू नका. पण चारही पत्रं जपून ठेवा, कारण एकाच कामाचा टप्पा चौघांनी वेगवेगळा लिहिला असेल तर त्यातूनच खरी परिस्थिती कळते. एक म्हणतो 'काम सुरू', दुसरा म्हणतो 'पाठपुरावा सुरू'. दुसऱ्यावर विश्वास ठेवा.

आता क्लस्टर. तुमच्या सभेत भांडण होणार ते यावरूनच.

ठाण्यात ही योजना कशी आली ते विसरून चालत नाही. एप्रिल 2013 मध्ये शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, 74 जण गेले. त्याआधीही आणि नंतरही शहरात इमारती पडत होत्या. अनधिकृत आणि मोडकळीला आलेल्या इमारतींतल्या लाखो लोकांचं करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकेक इमारत न घेता अख्खा भाग नव्याने बांधायची ही योजना उभी राहिली. आज तिचे नियम राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत, जी डिसेंबर 2020 पासून लागू आहे. किमान 10,000 चौरस मीटरचा सलग भाग, त्यात 30 वर्षांवरच्या इमारती, आणि अधिकृत-अनधिकृत दोन्ही एकत्र, असं त्याचं ढोबळ स्वरूप. योजना चांगली आहे की वाईट हा वेगळा वाद. जिथे रस्त्यात रिक्षा शिरत नाही आणि आग लागली तर बंब पोहोचत नाही, तिथे दुसरा मार्ग मलाही दिसत नाही.

पण 'समावेश झाला' याचा अर्थ काय? पालिकेने शहराचे चाळीसच्या वर नागरी पुनरुत्थान आराखडे आखलेत. तुमची गल्ली त्यातल्या एखाद्या आराखड्याच्या हद्दीत येते, एवढाच त्याचा अर्थ. यानंतर हरकती-सुनावणी, आराखड्याची अंतिम मंजुरी, योजना राबवणारी संस्था ठरणं, घरोघरी बायोमेट्रिक सर्वेक्षण, पात्रता यादी, करारनामे, संक्रमण शिबिर किंवा भाडं, आणि मग बांधकाम. किसननगरचं उदाहरण घ्या. सगळ्यात पुढे असलेला हा भाग. तिथे फेब्रुवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते योजनेचं भूमिपूजन झालं आणि जून 2023 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते पुन्हा शुभारंभ झाला. शिंदे स्वतः ठाण्याचे, राबवणारी सिडकोसारखी मोठी संस्था, जोर सगळा लावलेला, तरी ही गती. तुमचा आराखडा त्याच्या मागे कितव्या नंबरवर आहे, हे सभेत कोणी तरी विचारायलाच हवं. चाळीस वर्षांच्या इमारतीचे पिलर तोवर थांबतील का, हा पुढचा प्रश्न.

तुमची इमारत अधिकृत आहे, मंजूर नकाशा आहे, करारनामे आहेत. क्लस्टरमध्ये अनधिकृत चाळीतल्या रहिवाशाला ठरलेल्या मापाचं घर मिळतं, तो त्याच्यासाठी फायद्याचा सौदा आहे. अधिकृत इमारतीतल्या सदनिकाधारकाचा हिशोब वेगळा. त्यात आत्ताचं क्षेत्रफळ किती, जमीन कोणाच्या नावावर, नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का, हे सगळं येतं. जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर बोलणी करताना सोसायटी मालक म्हणून बसते. नसेल तर त्या खुर्चीवर 1984 चा बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचे वारस बसतील आणि तुम्ही बाहेर थांबाल. जे सभासद म्हणतायत की क्लस्टर येतंय म्हणून कन्व्हेयन्स नको, त्यांना हे एवढंच समजावून सांगा. क्लस्टर खरंच येणार असेल तर कन्व्हेयन्सची घाई जास्त.

लेखी काय मागायचं तेही सांगतो. पालिकेच्या शहर विकास विभागाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. आमचा सिटी सर्व्हे नंबर अमुक, तो कुठल्या नागरी पुनरुत्थान आराखड्यात येतो, त्या आराखड्याला अंतिम मंजुरी मिळाली आहे का, आणि सध्या आमच्या इमारतीला स्वतंत्र पुनर्विकासाची परवानगी देण्यास अडथळा आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याच्या उत्तरावर तुमचा पुढचा सगळा रस्ता ठरतो. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र अ, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. नगरसेवकांच्या कार्यालयात तोंडी विचारून 'हो हो, होतंय' ऐकून येऊ नका.

नोटिसांच्या स्थगितीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलावं लागेल, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात चार वर्ग असतात. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती करायची. सी-2बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या नोटिसा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली निघतात, आयुक्तांच्या अधिकारात. त्या स्थगित करायचा अधिकार नगरसेवकाला नाही, महापौरांनाही नाही. आयुक्त फेरतपासणी करू शकतात, न्यायालय स्थगिती देऊ शकतं. त्यामुळे 'स्थगिती मिळवली' असं कोणी लिहिलं तर आदेशाची प्रत मागा. बहुतेक वेळा निघतं असं की अधिकाऱ्याला फोन गेला आणि नळजोडणी तोडायला येणारी गाडी आठवडाभर थांबली. तेवढीच ती स्थगिती.

याच कायद्यात कलम 10 मध्ये एक पोटकलम आहे, ज्याखाली अनधिकृत बांधकामाला मदत करणारा किंवा ते पाडायच्या कारवाईत लेखी वा प्रत्यक्ष अडथळा आणणारा नगरसेवक अपात्र ठरू शकतो. सगळ्या जुन्या नगरसेवकांना हे तोंडपाठ असतं. म्हणूनच बेकायदा इमारतीबद्दल 'आम्ही कारवाई थांबवली' हे भाषणात ऐकू येतं, लेटरहेडवर कधी येत नाही. नवीन मंडळी उत्साहात छापून मोकळी होतात. तुमच्या पत्रातल्या इमारती अधिकृत पण जुन्या असतील, त्यांची गोष्ट वेगळी. तरी नगरसेवकांच्या भल्यासाठीच कोणी तरी त्यांना हे सांगायला हवं.

तुमची इमारत चाळिशी ओलांडून गेली. कलम 265ए प्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सोसायटीने स्वतःहून करून घ्यायचं असतं, नोटिशीची वाट बघायची नसते. पालिकेच्या पॅनेलवरचे इंजिनीअर घ्या. आणि ऑडिट म्हणजे जिन्यात उभं राहून, वर बघून, सेक्रेटरीच्या घरी चहा पिऊन दिलेला दाखला नव्हे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल, काँक्रीटचा कोअर काढून त्याची ताकद, अशा चाचण्यांचे आकडे अहवालात दिसले पाहिजेत. पार्किंगमधल्या पिलरवर प्लास्टर फुगलंय का, ठोकलं तर पोकळ वाजतं का, गच्चीवरच्या टाकीखालच्या बीमची सळई उघडी पडून लालसर झालीय का, हे तर तुम्ही स्वतः आज संध्याकाळी बघू शकता. तळमजल्यावर कोणी दुकानासाठी भिंत काढलीय का तेही बघा. जुन्या ठाण्यात ही सगळ्यात सर्रास आढळणारी गोष्ट आहे, आणि त्यावर सभेत कोणी बोलत नाही, कारण दुकानदारच चेअरमन असतो.

समजा अहवाल सी-1 आला, तर घाबरून रातोरात चावी देऊ नका आणि हट्टाने बसूनही राहू नका. घर सोडण्याआधी प्रत्येक सदनिकेचं मोजमाप पालिकेकडून लेखी घ्या, फोटो काढा, यादीत प्रत्येकाचं नाव आणि क्षेत्रफळ तपासा. इमारत पाडली म्हणून हक्क जात नाही. पण क्षेत्रफळाचा कागद नसेल तर पुढे पाच-पाच वर्षं वाद चालतो. पालिका तात्पुरती सोय म्हणून भाड्याच्या घरांत पाठवते त्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. म्हातारे सासू-सासरे आणि दहावीतलं पोर घेऊन तिथे किती दिवस काढायचे याचा विचार आधीच झालेला बरा. म्हणजे पुन्हा तेच, पुनर्विकासाचे कागद आधी तयार हवेत.

शिबिराची बातमी मात्र मला पत्रातली सगळ्यात कामाची वाटली. ती तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात टाकलीय, आणि पहिल्या पानावर भूमिपूजनाचा फोटो. मी असतो तर उलटं केलं असतं.

मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. 1963 च्या मोफा, म्हणजे सदनिकांच्या मालकीबद्दलच्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. ठाण्यात कित्येकांनी ते केलंच नाही. कारण उघड आहे. नियम बदलले, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वाढला, तर त्याचा फायदा जमीन ज्याच्या नावावर त्याला. म्हणून 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते बिल्डरला आणि मालकाला नोटीस काढतात, सुनावणी घेतात, आणि तो आला नाही तरी एकतर्फी आदेश देतात. अर्ज नमुना 7 मध्ये, 2,000 रुपयांच्या कोर्ट फीसह.

कागद कुठले लागतात? सोसायटीचा नोंदणी दाखला, सभासदांची यादी, प्रत्येकाचा करारनामा किंवा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, विकास करार आणि मुखत्यारपत्र मिळालं तर, आर्किटेक्टचा क्षेत्रफळाचा दाखला. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर अडून बसू नका, जून 2018 च्या शासन निर्णयापासून सोसायटीच्या स्वयंघोषणापत्रावर अर्ज घेतला जातो.

1984 च्या इमारतीत अडचण येते ती करारनाम्यांची. डिसेंबर 1985 च्या आधी सदनिकेचा करार पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर व्हायचा. तो कागद आता पिवळा पडून घडीवर फाटलेला असतो. वीसपैकी तीन-चार घरांत मूळ मालक वारलेले, वारसांनी सोसायटीत नाव लावलेलं नाही. एक-दोघांनी मधल्या काळात घर विकत घेताना नोंदणीच केलेली नाही. ज्या सभेत तुम्ही क्लस्टरवर भांडणार आहात, त्याच सभेत एक वही फिरवा. सदनिका क्रमांक, पहिला करार कोणाचा, नंतर कोणाकोणाला विकली, प्रत्येक कराराची नोंदणी झाली का, मुद्रांक भरलं का, सध्या हयात कोण. हा तक्ता भरून झाला की अर्धी फाईल तयार झाली. माझ्या अनुभवात सोसायट्या वकील शोधण्यात वेळ घालवतात आणि हा तक्ता शेवटी करतात. मग सुनावणीच्या तारखेला एखाद्या ब्लॉकचा करार सापडत नाही आणि पुढची तारीख पडते.

मिळकत पत्रिका मात्र आजच काढा. बहुतेक जुन्या प्लॉटवर बिल्डरचं नावच नसतं. मूळ मालकाचं असतं आणि त्याखाली वारसांची रांग. एक कोणी नाशिकला, एक परदेशात, एकाचा पत्ता 'चरई, ठाणे' एवढाच. या सगळ्यांना नोटीस बजावली गेल्याचा पुरावा फाईलमध्ये नसला तर पुढे आदेशाला आव्हान मिळतं. पत्ते नीट द्या, नाहीतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची मागणी वेळेत करा.

आणि आदेश हातात पडला की पेढे वाटून थांबू नका. अनेक सोसायट्या इथेच थांबतात. आदेशानंतर अभिहस्तांतरणाचा दस्त तयार करायचा, तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे मुद्रांक शुल्क ठरवून घ्यायला न्यायचा, दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचा, आणि मग नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढवायचं. मिळकत पत्रिकेवर नाव आलं की काम झालं. त्याआधी नाही.

नवी मुंबईतले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच, की तिकडे जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली. त्यामुळे तिथे जमिनीची मालकी नव्हे, भाडेपट्टा सोसायटीच्या नावे करून घ्यायचा असतो आणि सिडकोचा ना हरकत दाखला लागतो. वरची पद्धत तशीच्या तशी लावू नका.

शिबिरात जिल्हा उपनिबंधक कार्यालयाचे लोक बसतात, त्याचा खरा उपयोग त्रुटी काढून घ्यायला. भाषणं संपल्यावर जा. मंडप रिकामा होतो, अधिकारी निवांत असतो, तेव्हा फाईल समोर ठेवून 'साहेब, यात काय कमी आहे ते या कागदावर लिहून द्या' म्हणा. हे काम नगरसेवकाच्या ओळखीने खरंच सोपं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना जरूर द्या.

कन्व्हेयन्स हाती आल्यावर पुनर्विकास कसा करायचा हा वेगळा विषय, पण सभेत कोणी तरी विचारेलच. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात, ज्याला सगळे 79ए म्हणतात, सभेची गणपूर्ती, एकूण सभासदांच्या किमान 51 टक्क्यांची मान्यता, बिल्डर निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी आणि चित्रीकरण, अशी सगळी पद्धत दिलीय. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला स्वयंपुनर्विकासाचाही, म्हणजे बिल्डरकडे न देता सोसायटीनेच पुनर्विकास करण्याचा, शासन निर्णय निघाला. वीस सदनिकांच्या सोसायटीला स्वयंपुनर्विकास झेपेल का, हे प्लॉटवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. आधी प्रकल्प सल्लागाराकडून व्यवहार्यता अहवाल घ्या. नगरसेवकांनी सुचवलेला बिल्डर असेल तर त्यालाही बाकीच्यांबरोबर निविदेत येऊ द्या, एवढंच म्हणेन.

म्हाडाच्या मार्गदर्शनाबद्दल फार लिहीत नाही. सोडत संगणकीय असते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, म्हाडाने कोणालाही एजंट नेमलेलं नाही. ज्येष्ठांना अर्ज भरून द्यायला कार्यालयात मुलगा बसवला असेल तर चांगलंच आहे. पण 'साहेबांच्या कोट्यातून' असं कोणी कुजबुजलं तर तिथून उठा. राज्याचं गृहनिर्माण धोरण मे 2025 मध्ये मंजूर झालं, 35 लाख घरांचं लक्ष्य जाहीर झालं, हेही अशा पत्रांत 'आपल्या प्रयत्नांनी' म्हणून येतं. ती मंत्रालयातली बातमी आहे, प्रभागातली नाही.

मग नगरसेवकांकडून मागायचं काय? जे त्यांच्या हातात आहे ते, आणि ते कमी नाही. गटार, गल्लीतले दिवे, कचऱ्याची गाडी, पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणं, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, विसर्जनाचा कृत्रिम तलाव कुठे करायचा, हे सगळं प्रभाग समितीच्या पातळीवर हलतं आणि तिथे नगरसेवकाच्या शब्दाला वजन असतं. घरांच्या बाबतीत ते महासभेत लेखी प्रश्न विचारू शकतात. अमुक आराखड्याची सद्यस्थिती काय, या प्रश्नाला प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर तुमच्या माहिती अधिकारापेक्षा लवकर येऊ शकतं. चार वर्षं सभागृहच नव्हतं, हे दार बंद होतं. आता उघडलंय तर वापरा.

तुम्ही त्यांना उत्तरादाखल पत्र लिहा, आभार मानून. शिबिराचा उपक्रम चांगला आहे, आमची सोसायटी फाईल घेऊन येणार आहे, असं लिहा. मग तीन विनंत्या. जलवाहिनीच्या कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख कळवावी. ज्या नोटिसांना स्थगिती मिळाली त्या आदेशाची प्रत द्यावी. आमचा सिटी सर्व्हे नंबर क्लस्टरच्या कुठल्या आराखड्यात आहे आणि त्याची सद्यस्थिती काय, हा प्रश्न आपण महासभेत विचारावा. टोमणा एकही नको. ही माणसं पाच वर्षं तुमच्या दारावरून जाणार आहेत. प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच मजकूर, वेगवेगळ्या नावाने. आणि प्रत्येक कार्यालयातून तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, सभेच्या इतिवृत्ताला जोडायला ती लागेल.